उतारावर सांडणारी शक्ति

बीड शहराहून सोलापूरच्या वाटेस लागलें म्हणजे थोड्याच वेळांत बालाघाटाची चढण सुरू होते, आणि ती संपतां संपतां मांजरसुंबा हें गांव लागतें. धुळें–सोलापूर महामार्ग आणि पाटोद्याकडून केजकडे जाणारा रस्ता येथें एकमेकांस भेटतात. त्यामुळें या गांवावरून जाणाऱ्या वाहनांची गणती करणें कठीण. कपिलधारेस निघालेले यात्रेकरू, दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठीं पश्चिमेकडे निघालेलीं बिऱ्हाडें, कापसाच्या मालमोटारी, एस. टी. च्या गाड्या, या सर्वांना हा घाट परिचित आहे. चढतांना इंजिन कण्हतें आणि उतरतांना ब्रेक तापतात, एवढें तर लहान मुलालाहि ठाऊक असतें. या दोन गोष्टींचा एकमेकींशीं काय संबंध आहे, याचा विचार मात्र क्वचितच केला जातो.

घाट चढणारी गाडी पेट्रोल जाळून जी उंची मिळविते, ती उंची म्हणजे एक ठेवच होय. उतारावर ही ठेव परत मिळावयास हवी; परंतु साध्या मोटारींत ती स्वीकारण्यास कोणी हजर नसतो. गाडी अनावर होऊं नये म्हणून चालक ब्रेक दाबतो, ब्रेकचे पट्टे तबकडीवर घासतात, तबकडी तापते, आणि सर्व ठेव उष्णतेच्या रूपानें वाऱ्यावर उडून जाते. बरें, नुसती उडून गेली तर एक वेळ चालेल. परंतु फार तापलेला ब्रेक लागेनासा होतो, आणि ओझ्यानें लादलेल्या गाडीवर त्यामुळें जो प्रसंग ओढवतो, त्याचें वर्णन घाटाखालच्या गांवांस करून सांगण्याची आवश्यकता नाहीं.

ही ठेव किती असते, याचा हिशेब कठीण नाहीं. दीड हजार किलो वजनाची गाडी शंभर मीटर उंचीवरून खालीं आली असें हिशेबापुरतें धरलें, तर तिनें सोडलेली शक्ति विजेच्या बिलांतील मापानें सुमारें ०.४ युनिट भरते. दहा वॉटचा एक दिवा चाळीस तास जळेल एवढी ही वीज आहे. एका गाडीच्या एका उतरणीची ही गोष्ट. दिवसभरांत घाट उतरणाऱ्या हजारों गाड्यांचा गुणाकार ज्याचा त्यानें करावा.

सांडणारी ही शक्ति झेलण्याची कल्पना नवी नव्हे, आणि महाराष्ट्रास तर ती परकीहि नव्हे. १९२५ सालीं ३ फेब्रुवारीस मुंबईंत विजेची आगगाडी प्रथम धांवली, आणि पुढें १९२८ च्या सुमारास जी. आय. पी. रेल्वेनें बोरघाट व थळघाट यांसाठीं विजेचीं मोठीं इंजिनें आणलीं. रेल्वेचे लोक त्यांस ‘खेकडा’ म्हणत. बोरघाटांत रुळांचा चढ कांहीं ठिकाणीं सदतीस फुटांस एक फूट इतका कडक आहे. उतरतांना या इंजिनांच्या मोटरा उलट वीज उत्पन्न करीत आणि ती डोक्यावरील तारेंत परत सोडीत. त्याच वेळीं दुसरी गाडी घाट चढत असली तर ती वीज तिच्या कामीं येई. उतरणारीनें चढणारीस हात द्यावा, अशी ही व्यवस्था होती.

रस्त्यावरील मोटारीच्या डोक्यावर मात्र तार नाहीं. तिला आपली मिळकत आपल्याच पोटांत सांठविली पाहिजे. या गरजेंतूनच संकरित मोटार, म्हणजे जिला बाजारांत हायब्रिड म्हणतात ती, पुढें आली. तिच्यांत पेट्रोलचें इंजिन असतें, शिवाय विजेची मोटर असते, आणि वीज ठेवण्याची कांहीं जागा असते. फर्डिनांड पोर्शे या तरुण यंत्रज्ञानें १९०० च्या सुमारास ऑस्ट्रियांत अशी एक गाडी बनविली होती; परंतु पेट्रोल स्वस्त आणि बॅटरी जड, यामुळें ती कल्पना मागें पडली. पुढें १९९७ सालीं जपानच्या टोयोटा कंपनीनें ‘प्रियस’ गाडी विक्रीस काढली, तेव्हांपासून मोठ्या प्रमाणावर या गाड्या जगभर पसरल्या.

आतां विजेच्या मोटरीचा गुण पाहावा. तिच्या आंत तारांचीं वेटोळीं असतात. त्यांतून प्रवाह सोडला कीं फिरतें चुंबकीय क्षेत्र निर्माण होतें आणि मधला दांडा त्याच्या मागोमाग फिरतो. पेट्रोलच्या इंजिनास जोर येण्यापूर्वीं कांहीं फेरे व्हावे लागतात. म्हणूनच गाडीस गियर लागतात. विजेच्या मोटरीस पूर्ण जोर अगदीं पहिल्या क्षणापासून असतो. शिवाय उत्तम मोटर घेतलेल्या विजेपैकीं शेकडा ९० हून अधिक भाग कामास लावते. पेट्रोलचें उत्तम इंजिन अनुकूल गतीस शेकडा ३५ ते ४० भाग कामास लावतें, आणि गर्दींत थांबत-चालत जातांना त्याहून पुष्कळच कमी. याहूनहि महत्त्वाचा गुण असा कीं, हीच मोटर बाहेरून फिरविली असतां वीज देते. उतारावर चाकें मोटरीस फिरवितात, मोटर जनित्र बनते, आणि वीज निर्माण करण्यास जो विरोध होतो तोच गाडीस ब्रेकप्रमाणें आवरतो. ब्रेक लागतो, परंतु झिजत नाहीं व तापत नाहीं.

इंजिन व मोटर यांची जोडी तीन प्रकारें लावतां येते. एका प्रकारांत इंजिन फक्त वीज तयार करतें आणि चाकें केवळ मोटरच फिरविते. दुसऱ्यांत दोघेंहि एकाच दांड्यावर, एका जुंवास लावलेल्या दोन बैलांप्रमाणें, जोर लावतात. तिसऱ्या प्रकारांत दांतेरी चक्रांच्या एका युक्तीनें इंजिनाचा जोर वांटला जातो; कांहीं चाकांकडे, कांहीं विजेकडे. ‘प्रियस’ या तिसऱ्या प्रकारची गाडी होय.

मग धारित्राचें काम कोणतें? धारित्र, ज्यास बाजारांत कपॅसिटर व जुन्या मंडळींत कंडेन्सर म्हणतात, तें मराठवाड्यांतील शेतकऱ्यास चांगलें ओळखीचें आहे. विहिरीवरील सिंगल फेज पंपाच्या स्टार्टरमध्यें जो काळा डबा असतो, आणि जो जळाला कीं पंप नुसता गुरगुरतो व फिरत नाहीं, तो हाच. घरच्या पंख्यांतहि त्याचें लहान भावंड असतें. दोन धातूंचे पत्रे जवळ ठेवून त्यांच्या मध्यें वीज न वाहूं देणारा पदार्थ घातला म्हणजे धारित्र तयार झालें. एका पत्र्यावर धन व दुसऱ्यावर ऋण विद्युत् जमते व तेथेंच थांबून राहते. १७४५–४६ या सुमारास युरोपांत कांचेच्या बरणींत वीज सांठविण्याचा जो शोध लागला, तो याचाच आरंभ होता.

बॅटरी आणि धारित्र यांतील भेद नीट ध्यानांत घेतला पाहिजे. बॅटरींत वीज रासायनिक बदलाच्या रूपानें राहते. तो बदल होण्यास वेळ लागतो, आणि पुनः पुनः झाल्यानें बॅटरी हळूहळू थकते. धारित्रांत कसलाहि रासायनिक बदल होत नाहीं. वीज वीज म्हणूनच राहते. म्हणून तें कांहीं सेकंदांत भरतें व कांहीं सेकंदांत रितें होतें, आणि बॅटरी जेथें कांहीं हजार वेळां भरतां येते तेथें हें लाखों वेळां भरतां येतें. बीडजवळच्या प्रसिद्ध खजाना विहिरीप्रमाणें बॅटरीचें पोट खोल असतें, परंतु तिच्यांत पाणी यावयाचें तें झऱ्यानें. धारित्र म्हणजे अंगणांतील रुंद तोंडाचें घंगाळ. वळवाची सर आली कीं क्षणांत भरतें, आणि तितक्याच लवकर संपतें.

पंख्याच्या धारित्राचें माप सुमारें अडीच मायक्रोफॅरड असतें. मोटारीसाठीं जें महाधारित्र, म्हणजे सुपरकपॅसिटर, वापरतात, त्याच्या एका मोठ्या डबीचें माप तीन हजार फॅरड असतें. म्हणजे पंख्याच्या एकशें वीस कोटी पट. एवढी वाढ कशी साधली? पत्र्यांचा पृष्ठभाग जितका मोठा आणि अंतर जितकें लहान, तितकी धारणा अधिक. महाधारित्रांत पत्र्यावर सच्छिद्र कोळशाचा लेप असतो. हा कोळसा पुष्कळदां नारळाच्या करवंट्यांपासून करतात. त्याच्या एका ग्रॅममध्यें इतकीं सूक्ष्म छिद्रें असतात कीं, त्यांच्या भिंतींचा पृष्ठभाग एक हजार चौरस मीटरांहून अधिक, म्हणजे सुमारें दहा गुंठे जमिनीएवढा भरतो. चिमूटभर कोळशांत दहा गुंठे!

तरीहि अशा एका डबीचा दाब पावणेतीन व्होल्टांच्या आंतच ठेवावा लागतो, आणि तिच्यांत मावणारी शक्ति जेमतेम अकरा किलोज्यूल, म्हणजे एका युनिटाचा सुमारें तीनशें तीसावा भाग. डबीचें वजन अर्धा किलो. दाब निम्म्यावर येईपर्यंत तिच्यांतील तीन चतुर्थांश शक्ति काढून घेतां येते. त्याखालीं ती काढणें सोयीचें नसतें. म्हणजे व्यवहारांत डबीमागें आठ किलोज्यूल हातीं लागतात. तितक्याच वजनाची लिथियम बॅटरी याच्या वीस-तीस पट सांठा सहज करते.

आतां मांजरसुंब्याच्या घाटाकडे पुनः वळावें. मघांच्याच गाडीसाठीं वीस मीटरांस एक मीटर असा उतार धरला, तर शंभर मीटर उतरण्यास दोन किलोमीटर रस्ता लागेल, आणि ताशीं ३६ किलोमीटर गतीनें दोनशें सेकंद. त्या ०.४ युनिटाची धार सेकंदास सुमारें सात किलोज्यूल, म्हणजे सात किलोवॉट पडते. चाकांचें घर्षण, वाऱ्याचा अडथळा आणि यंत्रांतील तूट वजा जातां त्यांतील निम्म्याच्या आसपास, म्हणजे ०.२ युनिट, पदरांत पडावें. हा झरा संथ आहे, परंतु बराच वेळ वाहणारा आहे. तो धारित्रांत सांठवावयाचा तर नव्वदाच्या घरांत डब्या लागतील. त्यांचेंच वजन पंचेचाळीस किलो, पेट्या व तारा वेगळ्याच. ‘प्रियस’च्या बॅटरीची धारणा सुमारें १.३ युनिट होती. तशा बॅटरींत हें पाणी अर्धवट रिकाम्या विहिरींत पडल्याप्रमाणें सहज मुरेल.

याच्या उलट दुसरा प्रसंग घ्यावा. तीच गाडी सपाट रस्त्यावर ताशीं ७२ किलोमीटर गतीनें जात आहे आणि फाट्यावर एकाएकीं कोणी आडवें आलें. सहा सेकंदांत गाडी उभी केली, तर तिच्या गतींतील तीनशें किलोज्यूल शक्ति त्या सहा सेकंदांत बाहेर पडते; म्हणजे धार पन्नास किलोवॉटांची! घाटाच्या तुलनेनें एकूण सांठा पांचवा हिस्सा, परंतु लोंढा सात पट. लहान बॅटरीस हा लोंढा सोसत नाहीं. ती थोडा घेते, उरलेला ब्रेकच्या तबकड्या घेतात. धारित्रास मात्र हाच प्रसंग मानवतो. तूट वजा जातां पंचवीस-तीस डब्यांत तो मावतो, आणि लगेच पुढच्या क्षणीं गाडी उचलण्यास ती वीज मोटरीस परत देतां येते.

या साध्या हिशेबावरून निष्कर्ष निघतो तो असा कीं, घाट हा बॅटरीचा प्रांत आणि थांबा हा धारित्राचा. जी गाडी दर अर्ध्या मैलावर थांबते व निघते, तिला धारित्र शोभतें. चीनमध्यें शांघाय शहरांत २००६ सालीं अशा बसगाड्या धांवूं लागल्या, त्या केवळ धारित्रांवर चालत आणि थांब्यावर उतारू चढत-उतरत असतांना पुनः वीज भरून घेत. जपानच्या माझदा कंपनीनें २०१२ सालीं साध्या मोटारींत धारित्र बसविलें. ब्रेक लावतांना मिळालेली वीज तें कांहीं सेकंदांत घेई आणि दिवे, वातानुकूलन इत्यादि कामांस पुरवी. त्याच वर्षीं टोयोटा कंपनीनें फ्रान्समधील ल मां येथील शर्यतींत उतरविलेल्या संकरित गाडींतहि धारित्रेंच होतीं, कारण शर्यतीच्या वळणांवर ब्रेक आणि वेग यांचा पाठशिवणीचा खेळ क्षणोक्षणीं चालतो.

मग सर्वच संकरित गाड्यांत महाधारित्रें कां नाहींत? एक तर तीं महाग पडतात. दुसरें, गाडी कांहीं दिवस उभी राहिली तर त्यांतील वीज हळूहळू झिरपून जाते. तिसरें, बॅटरीचा दाब बराचसा स्थिर राहतो. धारित्राचा दाब मात्र रितें होतां होतां सारखा उतरत जातो, आणि तो सांवरण्यास आणखी एक यंत्र लागतें. यास्तव बहुतेक कारखाने बॅटरीवरच समाधान मानतात. तथापि धारित्राविना एकहि संकरित गाडी चालत नाहीं, हेंहि तितकेंच खरें. बॅटरी एकाच दिशेनें वाहणारा प्रवाह देते, मोटरीस उलटसुलट वाहणारा तीनपदरी प्रवाह हवा असतो. हें रूपांतर करणारें इन्व्हर्टर यंत्र सेकंदास हजारों वेळां प्रवाह जोडतें व तोडतें. त्या धक्क्यांनीं बॅटरी त्रासूं नये म्हणून मध्यें एक धारित्र ठेवतात. त्याचें काम सांठ्याचें नसून धक्के गिळण्याचें असतें.

महाराष्ट्रांत या दिशेनें प्रयत्न झाले आहेत. २०१० सालीं पुण्याच्या केपीआयटी कमिन्स कंपनीनें भारत फोर्जच्या सहकार्यानें ‘रेवोलो’ नांवाचा संच लोकांपुढें मांडला. नवी गाडी न घेतां, आहे त्याच गाडीच्या इंजिनाच्या जोडीस मोटर व बॅटरी बसवावी, ही कल्पना गरीब देशास साजेशी होती. परंतु असे संच रस्त्यावर सर्रास दिसूं लागले नाहींत. २०१८ सालीं मुंबईच्या वांद्रें-कुर्ला संकुलासाठीं टाटा मोटर्सच्या पंचवीस संकरित बसगाड्या आल्या. आणि जुलै २०२४ मध्यें टोयोटा किर्लोस्कर मोटर कंपनीनें छत्रपती संभाजीनगर येथें विजेच्या व संकरित गाड्यांचा कारखाना काढण्याविषयीं महाराष्ट्र शासनाशीं करार केला. त्यांत सुमारें वीस हजार कोटी रुपयांच्या गुंतवणुकीचा उल्लेख आहे. बीडच्या तरुणास ही विद्या आतां शेजारच्या जिल्ह्याची झाली आहे.

म्हणून दोन सावधगिरीच्या गोष्टी येथें सांगणें अवश्य आहे. पहिली चालकांसाठीं. उतारावर बॅटरी भरली कीं ती आणखी वीज घेत नाहीं, आणि मोटरीचा ब्रेक त्या मानानें ढिला पडतो. लांब घाटांत ही वेळ येऊं शकते. तेव्हां संकरित गाडी आहे म्हणून साधा ब्रेक व इंजिनाचा रोध यांवरील लक्ष काढून घेणें घातक होय. उतार सुरू होण्यापूर्वींच गति कमी करावी, हा जुना नियम नव्या गाडीसहि लागू आहे.

दुसरी गोष्ट रस्त्याकडेच्या कारागिरांसाठीं. या गाड्यांतील नारिंगी रंगाच्या तारा जीवघेण्या दाबाच्या असतात. त्या रंगाचा अर्थच ‘हात लावूं नये’ असा आहे. बॅटरीची जोडणी काढली, तरी इन्व्हर्टरमधील धारित्रांत वीज शिल्लक राहते. पंपाच्या स्टार्टरचा कपॅसिटर मेन स्विच बंद केल्यावरहि ज्यांना चावला असेल, त्यांना हें निराळें सांगावयास नको; येथें तर दाब शेंकडों व्होल्टांचा असतो. जोडणी काढल्यावर किमान दहा मिनिटें, अथवा गाडीच्या पुस्तिकेंत सांगितला असेल तितका वेळ थांबून, मापकानें दाब शून्य झाल्याची खात्री केल्याखेरीज आंत हात घालूं नये. रबरी हातमोजे व योग्य शिक्षण यांवांचून हें काम पत्करणें म्हणजे थोड्या मजुरीसाठीं प्राण गहाण टाकणें होय.

शेवटीं या गाडीपासून अपेक्षा किती ठेवावी? संकरित मोटार नवी शक्ति उत्पन्न करीत नाहीं. उतारावर ती जें परत मिळविते, तें चढावर जाळलेल्या पेट्रोलचेंच शिल्लक असतें. फुकट वीज मिळते असें सांगणारा विक्रेता अर्धेंच सत्य सांगतो. सपाट महामार्गावर दिवसभर एकाच गतीनें जाणाऱ्या गाडीस तिचा लाभ थोडा. गर्दींत, थांब्याथांब्यांत आणि चढउतारांत लाभ अधिक. ज्याचा रस्ता रोज घाटाचा व गांवांचा आहे, त्यानें आपल्या वर्षभराच्या पेट्रोलचा खर्च कागदावर मांडावा, जादा किंमत त्याच्या शेजारीं लिहावी, आणि मग निर्णय करावा. चढण चढण्याचा खर्च कोणासहि चुकणार नाहीं. उतरतांना त्यांतील कांहीं हिस्सा राखून ठेवतां येतो, इतकाच या यंत्राचा दावा आहे, आणि तेवढा दावा खरा आहे.